शिकार झाली, शिशाचं काय?

महोदय,

अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या मार्मोटच्या (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी) शिकारीवरचा लेख वाचला. दरीतल्या उलटसुलट वाऱ्याचा अंदाज घेत तीन-चारशे मीटरवरून मांजराएवढा प्राणी टिपणं हे कसब आहे, वादच नाही. उंचावर हवा विरळ, म्हणून गोळी कमी खाली येते, हेही छान समजावलंय. पण मारलेल्या मार्मोटचं पुढे काय? बरेचदा तो दगडांतच पडून राहतो. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात विखुरलेले असतात. ते सोनेरी गरुडाच्या पोटात गेले की विषबाधा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तांब्याच्या गोळ्या मिळतात, थोड्या महाग पडतात इतकंच. बंदुकीवर हजार डॉलरची दुर्बीण चढवणाऱ्यांनी तेवढ्यासाठी कुरकुर करू नये.

– एक वाचक, डेन्व्हर (कोलोरॅडो)