टिमिन्समधून बाबांना

टिमिन्स, ऑन्टारिओ, कॅनडा
12 फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

फोन लावला की आई तो तुमच्या हातात टिकू देत नाही, आणि हा विषय पडला आपल्या कॅसेटच्या दुकानाचा. म्हणून पत्र. बाहेर उणे एकतीस आहे. इथे रात्री गाडीलासुद्धा प्लगला लावून ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही. हे आईला सांगू नका.

परवा जुन्या सामानाच्या दुकानात दोन डॉलरला एक सीडी मिळाली. गायिका शनाया ट्वेन, अल्बमचं नाव 'अप!', साल 2002. डबी उघडली तर आत दोन तबकड्या, एक लाल आणि एक हिरवी, आणि दोन्हींवर तीच 19 गाणी. आधी वाटलं, कुणीतरी भलतीच तबकडी कोंबून दान केलीय. मग गाडीत लावून ऐकली. लालमध्ये गिटार, की-बोर्ड, दणदणीत ड्रम, म्हणजे पॉप. हिरवीत तेच गाणं, पण बँजो, मँडोलिन आणि फिडल. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, गावच्या जत्रेत वाजवल्यासारखं. इकडे याला कंट्री म्हणतात.

आणि मला एकदम आपलं इस्लामपूरचं दुकान आठवलं. झंकार बीट्स! ट्रकवाला आला की तुम्ही न विचारता झंकारची कॅसेट काढायचात. मास्तर आले की तीच गाणी, पण साधी. मी तुम्हाला म्हटलं होतं, बाबा, ही फसवणूक आहे, जुन्या गाण्यावर वरून ढोल चढवलेत. तुम्ही नव्वद मिनिटांची कॅसेट भरत होतात, मान वर न करता म्हणालात, "मूळ सूर हलला का? नाही ना? मग झालं."

तर बाबा, या बाईंनी जगभरात झंकार काढला होता. अमेरिका-कॅनडात लाल-हिरवी जोडी. बाकीच्या देशांत लाल आणि निळी. आणि निळीत काय असावं? हिंदुस्थानी वाद्यमेळ! त्यातला काही भाग मुंबईत वाजवून घेतलाय. जुळवणी केली ती बर्मिंगहॅमच्या दोन भावांनी, सायमन आणि डायमंड दुग्गल. अपाची इंडियन या तिकडच्याच पंजाबी वंशाच्या गायकाची सुरुवातीची गाणी यांचीच, ज्याच्या कॅसेटी तुम्ही 93 साली काउंटरवर मांडल्या होत्या. मी निळी यूट्यूबवर शोधून ऐकली. टिमिन्सच्या बर्फात गाडीत बसून इथल्याच पोरीचं गाणं मुंबईच्या ठेक्यावर! हसू आवरेना.

खप विचाराल, म्हणून आकडे देते. 'अप!' अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात 8 लाख 74 हजार गेला आणि थेट एक नंबरवर बसला. तिकडच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या दफ्तरी तो 1 कोटी 10 लाख आहे, पण गंमत अशी की दोन तबकड्यांचा संच ते दोन धरतात. म्हणजे डब्या निम्म्याच, 55 लाख. तुमच्या होलसेलवाल्याचा हिशेब असाच असायचा.

खरा डोंगर मात्र त्याच्या आधीचा. 1997 चा 'कम ऑन ओव्हर' जगात 4 कोटींवर गेला. एकट्या बाईचा इतका खपलेला दुसरा अल्बम नाही. पण अमेरिकेच्या मुख्य यादीत तो एकदाही पहिला आला नाही, दोनवरच अडकला. कंट्रीच्या यादीत मात्र 50 आठवडे पहिला. पहिल्या आठवड्यात उडून जाणारा माल वेगळा आणि दोन-अडीच वर्षं रोज चार-चार जाणारा वेगळा, हे तुम्ही कुणालाही सांगू शकाल. त्यातली 12 गाणी एकामागून एक रेडिओसाठी सुटी काढली, म्हणजे दुकानात कायम काहीतरी नवं. परदेशासाठी फिडल कमी करून वेगळी आवृत्तीसुद्धा तेव्हाच काढली होती. निर्माता मट लँग, तिचा तेव्हाचा नवरा. हा आधी रॉक बँडांचे अल्बम करायचा, त्यामुळे कंट्रीवाले जाम चिडले. हे कंट्रीच नव्हे म्हणाले. मला त्यांचा राग समजतो, पटत नाही. आठव्या वर्षापासून बारमध्ये गाणारी, आईवडील अपघातात गेल्यावर हॉटेलात गाऊन धाकट्या भावंडांना वाढवणारी बाई. तिने अजून किती गावरान असायला हवं होतं?

ती या टिमिन्सचीच. 2001 साली गावाने तिच्या नावाचं संग्रहालय बांधलं. लोक अपेक्षेइतके आले नाहीत, 2013 ला बंद झालं. जागा घेतली सोन्याच्या खाण कंपनीने. इमारत पाडली आणि आता तिथे खाणीचा खड्डा आहे. माझी घरमालकीण आजी सांगते, तिने तिथे गायिकेचे बूट काचेत पाहिले होते. सांगताना तिने हाताने टाचेची उंची दाखवली, चांगली वीतभर. गावात शनाया ट्वेन वे नावाचा रस्ता तेवढा राहिलाय.

मी तिन्ही रंग एकाच गाण्यावर पाठोपाठ लावून पाहिले. आवाज कुठेच बदलत नाही. श्वास घेते तिथेच घेते, ओळ संपवते तिथेच संपवते. तुमचं म्हणणं बरोबर होतं, एवढं लिहायला पंधरा वर्षं लागली.

मेमध्ये येते तेव्हा डबी आणते. लाल तबकडीवर चरा आहे, सातव्या गाण्याला अडकते. कापसाला टूथपेस्ट लावून घासायची तुमची युक्ती करून बघू. माळ्यावरचा प्लेअर काढून ठेवा, आणि आईने तो भंगारात दिला असेल तर मला आधीच कळवा.

तुमची,
सुमी