खडूचा तुकडा अजून गाडीतच आहे, काका

ती. काका यांना,
सा. न. वि. वि.

घरी येऊन आभार मानायला गेले तर तुम्ही "चहा घे आणि गप बस" म्हणणार. म्हणून चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगवर (इंजिनाचे दांडे मशीनवर घासून देण्यात) हयात घालवलेले काका, एवढं पुरे.

इंजिन गेलं ते माझ्याच हातून. निपाणीला भडंगाचे डबे टाकून येताना कागलच्या अलीकडेच टेंपरेचरचा काटा वर चढला होता. वीसेक किलोमीटर तर राहिलंय, म्हणून ओम्नी तशीच दामटली. गोकुळ शिरगावजवळ इंजिनानं धरलं, जाम झालं. खोलल्यावर कळलं की आधीच्या मालकानं बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून रुंद करून, अर्धा मिलिमीटर मोठे (०.५० चे) पिस्टन घातलेले, आणि आता सिलिंडरमध्ये नख अडकेल एवढे ओरखडे. परत बोअर करण्यात अर्थ नव्हता. सेकंडहँड इंजिन बसवायचं ठरलं.

पहिल्या मेस्त्रीनं सांगितलं अठ्ठावीस हजार. सगळे आधी द्यायचे, दोन दिवसांत गाडी दारात. इंजिन कुठलं विचारलं तर म्हणाला, "आमचा ठरलेला माणूस हाय, ताई. तुम्ही टेन्शन घेऊ नका." खरं सांगते, मी पैसे काढायला निघाले होते. गाडी उभी म्हणजे माझा धंदा उभा.

जिन्यात तुम्ही भेटलात आणि एकच विचारलंत: "जुनं इंजिन गरम का झालं, हे इचारलं काय त्यानं?"

नव्हतं विचारलं.

दुसऱ्या गॅरेजात तुम्ही माझ्याबरोबर आलात, पण स्वतः लेथवाले आहात हे शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. (मला हसू आवरत नव्हतं.) त्या मेस्त्रीनं आधी रेडिएटर काढून उलटा धरला, पाणी सोडलं, आणि खालून नुसतं ठिबकताना दाखवलं. "ह्यो चोंदलाय. ह्यो असाच ठेवून दुसरं इंजिन घातलं तर तेबी जाणार." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, बोलला काहीच नाहीत.

तरीही त्यानं आणलेलं पहिलं इंजिन तुम्ही परत पाठवायला लावलंत, हे मला फार आवडलं. इंजिन टायरवर ठेवलेलं, गिअरबॉक्स आणि स्टार्टर जोडलेला, तिन्ही प्लग काढलेले. सिलिंडरमधलं प्रेशर मोजायचं गेज लावून स्टार्टर मारला. दोन सिलिंडर १६५ पीएसआयच्या आसपास, तिसरा १२०. मेस्त्री म्हणाला, बरेच दिवस पडून होतं, चालू झाल्यावर येईल वर. तुम्ही म्हणालात, "चमचाभर ऑइल टाका की त्यात." टाकलं. काटा दीडशेच्या वर गेला. मग मेस्त्रीच म्हणाला, "रिंगा गेल्यात. हे नको." ऑइलनं पिस्टनवरच्या रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजतात म्हणून प्रेशर वाढतं, हे तुम्ही मला रिक्षात समजावलंत. त्याच्यासमोर नाही. त्याचा मान राखून केलंत सगळं.

दुसरं इंजिन आलं तेव्हा तुम्ही खिशातून खडू काढलात. इंजिन नंबरवर आडवा घासलात, बोटानं पुसलात, आणि काळपट लोखंडावर एकेक आकडा पांढरा उठून दिसला. कुठं घासलेलं नाही, परत ठोकलेलं नाही. ज्या भंगारातल्या गाडीचं होतं तिच्या आरसी बुकाच्या झेरॉक्सशी मी तो ताडून बघितला, बिलावरही तोच घालून घेतला. त्यामुळे आरटीओत आरसीवर नवा इंजिन नंबर चढवताना आणि विम्यात कळवताना मला कुणापुढं हात जोडावे लागले नाहीत.

पैसे तीन टप्प्यांत दिले, जुनं इंजिन काम संपेपर्यंत गॅरेजातच ठेवलं. इंजिन खाली आहे तोवर क्लच प्लेट, मागचं ऑइल सील आणि टायमिंग बेल्ट बदलून घे, हे तुम्ही बजावलंत. नाहीतर दोनशे रुपयांच्या सीलपायी परत सगळं उतरवावं लागलं असतं. एकूण खर्च अठ्ठावीस हजारांपेक्षा बराच वर गेला, हे लपवत नाही. घरात त्यावरून बोलणीही खाल्ली.

मी तुम्हाला रिक्षात विचारलं होतं, "मग ह्या मेस्त्रीवर विश्वास ठेवू ना?" तुम्ही म्हणालात, "मला काय ठावं? आज त्यानं मोजून दाखवलं, तर आजच्यापुरता ठेव. उद्याचं उद्या बघू." मला तेव्हा राग आला होता. माझी अपेक्षा होती की तुम्ही हो किंवा नाही म्हणावं.

हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं सांगितलंयत. ९६० झालेत. रविवारी सकाळी गॅरेजला चाललेय, निघालेलं ऑइल तुम्ही बघायला हवं. आठ वाजता खाली थांबा. भडंगाचा डबा आणतेय, आणि त्याचे पैसे काढलेत तर मी तिथूनच परत फिरेन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची भडंगवाली