ऑनलाइन झालं, पण काम कुणाचं कमी झालं?

संपादक महोदय,

सरकारी सेवा ऑनलाइन आल्या म्हणजे कारभार फास्ट झाला असं सगळे धरूनच चालतात, म्हणून हे पत्र. रांगा कमी झाल्या हे खरंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण बऱ्याच ठिकाणी झालंय काय, की कागदावरचा फॉर्म जसाच्या तसा स्क्रीनवर आणून ठेवला आणि क्लार्क करायचा ते टायपिंग आपल्या गळ्यात पडलं. वर फोटो अमुक केबीत बसवा, ओटीपी येईस्तोवर सेशन संपलं की परत पहिल्यापासून भरा. वेळ वाचला ऑफिसचा, गेला आपला, आणि रिपोर्टात मात्र कार्यक्षमता वाढली!

सगळ्यात खटकतं ते म्हणजे एका खात्याने दिलेला दाखला दुसरं खातं आपल्यालाच अपलोड करायला लावतं. दोन्ही सरकारचीच ना, मग आपापसात विचारून घ्या की. एस्टोनियात 2001 पासून एक्स-रोड नावाची यंत्रणा आहे, एका खात्याला लागणारी माहिती दुसऱ्याकडून थेट मिळते, नागरिकाने एकदा दिलेली माहिती शक्यतो परत मागायची नाही असं तिथलं तत्त्व. आणि आपली माहिती कोणी उघडून पाहिली हे बऱ्याच बाबतीत नागरिकालाही बघता येतं, ते तर हवंच.

अर्थात नुसता डेटा जोडूनही भागत नाही. ऑस्ट्रेलियात 2016 च्या सुमारास 'रोबोडेट' आलं, म्हणजे सरकारी भत्ता जास्त घेतला का हे कम्प्युटरने आपोआप शोधून वसुली करायची पद्धत. हा भत्ता ठरायचा दर पंधरवड्याच्या कमाईवर. टॅक्स खात्याकडचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, 26 पंधरवड्यांत सारखं वाटून टाकायचं आणि तुम्ही भत्ता जास्त घेतला म्हणून वसुलीची नोटीस काढायची. आता ज्याला वर्षातून चारच महिने काम मिळालं आणि बाकीचे महिने भत्त्यावर काढले त्याचा हिशोब चुकणारच ना, पण पैसे देणं लागत नाही हे सिद्ध करायचं कुणी, तर त्यानेच. नोटिसा झपाट्याने निघाल्या, मग हे बेकायदा ठरलं, पैसे परत करावे लागले, 2023 मध्ये चौकशी आयोगाचा रिपोर्ट आला. हा स्पीड काय कामाचा?

अर्ज नाकारला तर कारण आणि जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा त्याच स्क्रीनवर दिसलाच पाहिजे, नुसतं 'रिजेक्टेड' चालणार नाही. आणि एक विनंती तुम्हालाही, इतके अर्ज निकाली काढले अशी बातमी छापाल तेव्हा त्यातले मंजूर किती आणि त्रुटी काढून परत पाठवलेले किती, एवढं जरूर विचारून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक