धूर त्यांचा, बिल आपलं

एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, मग तो जगात कुठेही सुटलेला असो, तर कुठल्या देशाचं किती नुकसान होतं याचा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडला होता, भारताचं साधारण ८६ डॉलर आणि अमेरिकेचं ४८. आता बघा, अमेरिकेत माणशी वर्षाला १४ टनांच्या आसपास हा वायू हवेत सोडला जातो आणि आपल्याकडे जेमतेम २! आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ वर गेला की स्लॅबवरच्या मजुरांना दुपारी सळईला हात लावता येत नाही, काम बंद म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली, हे पण त्याच नुकसानात धरायला हवं ना? हवामान परिषदेत आपल्या लोकांनी हाच आकडा पुढे करून भांडलं पाहिजे.

- एक वाचक, अकोला