सकाळच्या बॅचमधील नव्या सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

सोलापूरचं ऊन तापायला लागलंय, पोहण्याच्या तलावावर गर्दी वाढली आहे. बरेच नवे सभासद पहिल्याच फेरीत जीव खाऊन हात मारतात आणि पलीकडच्या कठड्याला धापा टाकत लटकतात. दम कमी पडतो असं त्यांना वाटतं. चुकतो तो बहुधा श्वास. तोंड पाण्यात असताना सावकाश बुडबुडे सोडत राहा. श्वास कोंडला की वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही एकदम करावं लागतं. मान उचलली की कंबर आणि पाय खाली जातात, म्हणून नजर तळाकडे ठेवा आणि श्वासासाठी डोकं फक्त बाजूला वळवा. पाय मांडीपासून हलवा, गुडघ्यातून सायकल नको.

या आठवड्यात एवढंच करा: २५ मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकीनंतर अर्धा मिनिट विश्रांती. सहज जमलं तर पुढच्या आठवड्यात सहा. सलग १०० मीटरची घाई नको.

थांबायचं असेल तर लेनच्या कोपऱ्यात थांबा, मागच्याला वळायला जागा द्या. टोपी आणि आधी शॉवर सक्तीचा.

आणि कृपया कडक भाकरी-शेंगाचटणी भरपेट खाऊन येऊ नका. पोहून झाल्यावर ती जास्त गोड लागते.