आधी तू टोचून घे

पुणे,
३ मे

प्रिय शिरीष,

काकूंचा निरोप मिळाला. "फ्लूची लस घेऊनही जुलैत अंथरूण धरलंच, आता पुन्हा सुई नको." त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्यांच्या वयात या लशीचा गुण खरंच कमी येतो. सिरिंजमधलं औषध सगळ्यांना तेच, पण त्यातून अँटीबॉडी (विषाणूशी लढणारी प्रथिनं) किती तयार होणार हे घेणाऱ्याच्या शरीरावर. म्हणून तर अमेरिकेत पासष्टीपुढच्यांसाठी चौपट मात्रेची लस आहे. नेहमीच्या डोसात विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचं १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, तिच्यात ६०.

मला सगळ्यात नवल वाटतं ते लहानपणच्या पहिल्या फ्लूचं. शरीर तो विसरतच नाही. काकूंचा जन्म १९५० चा, म्हणजे त्यांची पहिली गाठ बहुधा फ्लूच्या एच१एन१ या प्रकाराशी पडली असणार. एच३एन२ हा दुसरा प्रकार आला १९६८ मध्ये, तोवर त्या कॉलेजात. पुढे कुठलाही फ्लू आला, लस टोचली, की शरीर आधी जुन्या ओळखीच्याच अँटीबॉडी बाहेर काढतं, नव्या घडवायला कुरकुरतं. थॉमस फ्रान्सिस या शास्त्रज्ञानं १९६० मध्येच हे मांडलं होतं. त्यात बहुतेक लशींचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात आणि तिथे रुळताना एच३एन२ थोडा बदलतो, म्हणजे लस बाहेरच्या विषाणूशी तंतोतंत जुळत नाही, ते वेगळंच.

आणि काकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाल्यापासून काकूंची झोप ती काय उरली? अमेरिकेतल्या ओहायोत १९९६ मध्ये डिमेन्शियाच्या जोडीदाराची सेवा करणाऱ्यांना हीच लस दिली, तर त्यांच्यात अँटीबॉडी इतरांपेक्षा कमी निघाल्या. २००२ च्या एका प्रयोगात रोज चारच तास झोपू दिलेल्या धडधाकट तरुणांत दहा दिवसांनी त्या निम्म्याहूनही कमी होत्या. तेव्हा आधी रात्रीसाठी एखादी बाई ठेव, काकूंना आठवडाभर नीट झोपू दे, मग लस. न्यायचं सकाळी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अभ्यासात सकाळी ९ ते ११ मध्ये टोचलेल्या ज्येष्ठांत विषाणूच्या काही प्रकारांविरुद्ध दुपारपेक्षा जास्त अँटीबॉडी दिसल्या. हा एक अभ्यास झाला, पण सकाळी जायला पैसे थोडेच पडतात! संधिवाताची मेथोट्रेक्सेट प्रतिकारशक्ती दाबते, ती लशीनंतर दोन आठवडे थांबवायची का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचार. आपल्या मनानं बंद करू नका.

गेल्या वेळी तुम्ही दिवाळीनंतर घेतलीत ना? तिथेच घोळ झाला. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात, आणि तोवर लशीचा ओसरलेला. अंगात भिनायला दोन आठवडे लागतात, म्हणून यंदा मे सरायच्या आत उरका.

पण काकूंच्या आधी तू आणि वहिनी टोचून घ्या. त्यांचं शरीर कमी पडणार हे धरून चाललो, तर फ्लू घरात न आणणं तुमच्याच हातात आहे. तो बहुतेक वेळा चिन्मयच्या शाळेतून येतो. त्याला ही लस पहिल्यांदाच आणि तो नवाच्या आतला, म्हणजे चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतील. त्याचा पहिला याच आठवड्यात देऊन टाक, शाळा सुरू व्हायला फार दिवस नाहीत.

तुझा,
सुहास