तेरा पावलांचे आभार

आदरणीय एडविन मोझेस सर,

१९७७ ते १९८७ या काळातल्या तुमच्या सलग १२२ विजयांचं कौतुक जगाने करून झालंय. ४०० मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, शिकवणारे आम्ही तुमचे ऋणी आहोत ते एका लहान आकड्यासाठी. १३.

दोन हर्डलमधलं अंतर ३५ मीटर. उडीत साधारण साडेतीन मीटर जातात. उरलेल्या साडेएकतीस मीटरमध्ये १३ पावलं बसवायची, तर प्रत्येक पाऊल २.४२ मीटरचं पडायला हवं. पहिल्या तीन-चार हर्डलपर्यंत ते बऱ्याच जणांना जमतं. आठव्याला पाय भरून येतात. पाऊल नुसतं १० सेंटिमीटर आखडलं तरी तेरा पावलांत १ मीटर ३० सेंटिमीटरची तूट. मग एकतर फार लांबून उडी मारून हर्डलवर आपटायचं, नाहीतर मध्येच एक तोकडं पाऊल घुसवायचं. त्याने वेग मोडतो आणि न घोटलेला पाय पुढे येतो. तुम्ही दहाव्या हर्डलपर्यंत १३ च ठेवलीत, तीही डावा पाय पुढे टाकून. वळणावर याचा फायदा मोठा. उजवा पाय पुढे टाकणाऱ्याचा मागून येणारा डावा पाय हर्डलच्या आतल्या कडेबाहेरून खाली गेला तर तो बाद. त्या धास्तीने तो लेनमध्ये बाहेर सरकतो आणि जास्त अंतर धावतो.

एक लाडिक तक्रारही आहे. तुमच्यामुळे प्रत्येक पोराला १३ च हवीत! ताणून टाकलेलं पाऊल शरीराच्या फार पुढे पडतं आणि ब्रेक लागतो. म्हणून आम्ही १५ पासून सुरू करतो, पाऊल २.१० मीटरचं, आणि दोन्ही पायांनी हर्डल घोटून घेतो, म्हणजे दमल्यावर १४ चा मार्ग उरतो.

मोअरहाउस कॉलेजला स्वतःचा ट्रॅक नव्हता, तरी १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये तुम्ही सुवर्ण जिंकलंत. १९८३ चा ४७.०२ सेकंदांचा विश्वविक्रम १९९२ पर्यंत टिकला. केव्हिन यंगने तो मोडला तेव्हा हर्डलमधल्या दोन टप्प्यांत १२ च पावलं टाकली होती.

आणि सोल ऑलिंपिकच्या कांस्यपदकाबद्दल वेगळे आभार. १९८४ चं सुवर्ण ४७.७५ चं, १९८८ चं कांस्य ४७.५६ चं, तेही तेहतिसाव्या वर्षी. पदक हुकलेल्या पोरांपुढे आम्ही हे दोन आकडे ठेवतो.

आपले,
हर्डल्सचे काही प्रशिक्षक